ढिगाऱ्यालाही कायदा हवा

पावसाळ्यात कोठे दरड कोसळली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असते : 'मलबा हटविण्याचे काम युद्धपातळीवर सुरू आहे.' चार-पाच दिवसांनी हे वाक्य दिसेनासे होते. पुढे त्या मलब्याचे काय झाले? तो किती होता? कोणी हलविला, आणि हलवून कोठे टाकला? त्याखाली जे होते त्याची नोंद कोणी ठेवली? वस्तुमान नाहीसे होत नाही, हे आपण शाळेतच शिकतो. तेव्हा बातमीतून नाहीसा झालेला मलबा डोंगरावर, ओढ्यात किंवा कोणाच्या तरी शेतात असलाच पाहिजे. त्याच्याविषयी आपला कायदा काय सांगतो आणि त्याने काय सांगायला हवे, याचा आज थोडा विचार करू या.

इर्शाळवाडीचे गणित

खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौककडे निघाले की उजव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. या गडाच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची ठाकर समाजाची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, तिच्यावर दरड कोसळली. त्याआधीच्या तीन दिवसांत या भागात सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला होता. वाडीत दोनशेहून थोडी अधिक माणसे राहत. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे सापडली नाहीत. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला.

चार दिवसांतच शोध का थांबला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर भावनेने देण्याआधी गणिताने देऊन पाहू. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून तासा-दीड तासाची चढण, वरून पाऊस आणि पायाखाली चिखल. मोठी यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. मदतीला धावलेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा तर चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. माणसांनी कुदळ, फावडे आणि घमेली घेऊन काम केले.

आता एक काल्पनिक ढिगारा घेऊ. तो १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि सरासरी ५ मीटर जाड आहे. त्याचे घनफळ २५,००० घनमीटर भरेल. ओल्या माती-दगडांचे एक घनमीटर सुमारे दोन टन भरते. म्हणजे एकूण ५०,००० टन. दहा टनी ट्रकच्या ५,००० खेपा. रस्ताच नसेल तर? एका घमेल्यात २० किलो माती धरली तर २५ लाख घमेली होतात. पाचशे माणसांनी प्रत्येकी दिवसाला शंभर घमेली वाहिली, तरी पन्नास दिवस लागतील. हा मध्यम आकाराचा ढिगारा झाला. शिवाय खणून मोकळी केलेली माती मूळच्यापेक्षा सुमारे सव्वापट जागा घेते. उचललेली माती ठेवायची कोठे हा प्रश्न त्यामुळे आणखी मोठा होतो.

तेव्हा शोध थांबविणाऱ्यांना दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. असा निर्णय कोणत्या मोजमापावर घ्यावा, कोणाला विचारून घ्यावा आणि तो घेतल्यानंतर त्या ढिगाऱ्याची जबाबदारी कोणाकडे राहावी, हे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. ते नसल्यामुळे प्रत्येक आपत्तीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ढिगारा झोपलेला नसतो

घरी एक प्रयोग करून पाहा. ताटात कोरडी वाळू हळूहळू ओता. ढीग वाढत जातो, पण त्याच्या बाजूंचा उतार ठरावीक कोनापलीकडे जात नाही. त्याहून उभा झाला की वाळू घसरून पसरते. कोरड्या वाळूसाठी हा कोन सुमारे ३० ते ३५ अंश असतो. याला विश्रामकोन म्हणतात. आता वाळू किंचित ओलसर करा. ती अधिक उभी राहील. किनाऱ्यावर वाळूचे किल्ले त्यामुळेच बांधता येतात. आणखी पाणी घालत गेलात की मात्र किल्ला एकदम बसतो आणि वाहू लागतो.

असे का होते? उतारावरच्या मातीला गुरुत्वाकर्षण खाली ओढते आणि कणांमधील घर्षण तिला धरून ठेवते. कण एकमेकांवर जितके दाबले जातील तितके घर्षण अधिक. कणांमधील फटी पाण्याने पूर्ण भरल्या की ते पाणी कणांना थोडे उचलून धरते. कणांचा परस्परांवरील दाब घटतो, म्हणून घर्षणही घटते. त्याच वेळी पाण्यामुळे ढिगाऱ्याचे वजन वाढलेले असते. ओढ वाढली आणि पकड सुटली, अशी ही दुहेरी अडचण आहे.

कोसळून खाली आलेल्या दरडीलाही हेच नियम लागू आहेत. तिची माती मूळच्या डोंगरापेक्षा अधिक सैल असते, तिच्यात पाणी लवकर शिरते, आणि तिच्यावर झाडांच्या मुळांची पकड उरलेली नसते. अशा ढिगाऱ्याचा पायथा खणला तर वरचा भाग आधार सुटून खाली येऊ शकतो. म्हणून बचावपथकाचा जीवही धोक्यात असतो. आणि ढिगारा तसाच सोडून दिला, तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा हलू शकतो, ओढ्यांत उतरू शकतो. इर्शाळगडाच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. नवी मुंबईला पिण्याचे पाणी तेथून मिळते. या डोंगरांवरून सुटणारी माती शेवटी कोणत्या ना कोणत्या जलाशयात किंवा नदीत जाणार, हे वेगळे सांगायला नको.

मलब्याचे तीन प्रकार

'मलबा' हा एकच शब्द आपण तीन अगदी निराळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिला दरडीचा मलबा. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी येथे हाच होता. ओली माती प्रत्येक पोकळी भरून टाकते. आत हवा उरत नाही. त्यामुळे जिवंत माणूस सापडण्याची शक्यता फार लवकर मावळते.

दुसरा इमारतीचा राडारोडा. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा जणांचा मृत्यू झाला. पण तेथेच चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर काढला गेला. हा चमत्कार नव्हता. काँक्रीटच्या लाद्या आणि खांब आडवेतिडवे पडले की त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि पोकळीत हवा असते. येथे घाईने यंत्र चालविले तर पोकळी दबते. म्हणून असा ढिगारा वरून, थराथराने काढावा लागतो. मधूनमधून सर्व यंत्रे बंद करून आतून आवाज येतो का ते ऐकावे लागते.

तिसरा पुराचा गाळ. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण येथे पूर ओसरल्यावर रस्तोरस्ती चिखल, भिजलेले धान्य, कपडे, औषधे, फर्निचर यांचे ढीग साचले. या मलब्याखाली बहुधा माणूस नसतो, पण रोगराई असते. वाळल्यावर त्याची धूळ होते आणि ती श्वासावाटे आत जाते. आमच्या खालापूर तालुक्यासारख्या कारखान्यांच्या भागात त्यात रसायने मिसळली, तर त्याची गणना साध्या कचऱ्यात करता येणार नाही.

तीन मलबे, तीन शास्त्रे. पहिल्यात भूवैज्ञानिक पुढे हवा, दुसऱ्यात स्थापत्य अभियंता, तिसऱ्यात आरोग्याधिकारी आणि रसायनतज्ज्ञ. आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

कायद्यातील एक ओळ

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा या विषयावरील देशाचा मुख्य कायदा. त्याच्या ३४ व्या कलमात जिल्हा प्राधिकरणाचे अधिकार सांगितले आहेत. जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. या कलमातील एका छोट्या खंडात मलबा हटविणे, शोध घेणे आणि बचावकार्य करणे ही तिन्ही कामे एका दमात सांगितली आहेत. राज्य कार्यकारी समितीसाठी २४ व्या कलमात तेच शब्द आहेत.

या ओळीकडे नीट पाहा. ती प्राधिकरणाला अधिकार देते, कर्तव्य सांगत नाही : 'करील' असे न म्हणता 'करू शकेल' असे म्हणते. शिवाय शोध आणि बचाव यांच्या शेजारी बसल्यामुळे तिचा रोख पहिल्या काही दिवसांकडे आहे. नंतरच्या महिन्यांचे आणि वर्षांचे काय, हे ती सांगत नाही. याच कायद्याच्या १२ व्या कलमात मदतीची किमान मानके ठरविण्यास सांगितले आहे. त्यात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांचा उल्लेख आहे, ढिगाऱ्याचा नाही. २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तिचा भर आपत्तींची माहिती एकत्र करणे, मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमणे अशा गोष्टींवर होता.

मग बांधकामाच्या राडारोड्याविषयीचे नियम उपयोगी पडतील काय? केंद्र शासनाने २०२५ मध्ये असे नवे नियम जाहीर केले. त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. पण नैसर्गिक आपत्तीतून निर्माण होणारा राडारोडा त्यांतून वगळलेला आहे. म्हणजे घर मालकाने पाडले तर त्याच्या विटांना नियम आहे, आणि तेच घर भूकंपाने पाडले तर नाही.

मोजमाप करून नियम बांधणे शासनाला जमत नाही असे नव्हे. आपत्तीनंतरच्या साहाय्याच्या निकषांत, शेतात तीन इंचांहून जाड गाळ किंवा वाळू साचली तर ती काढण्यासाठी मदत द्यावी, असे ठरलेले आहे. तीन इंच! किती स्पष्ट माप आहे. शेतातल्या गाळाला जे माप मिळाले, ते गावावरच्या ढिगाऱ्याला का मिळू नये?

एकाच रात्रीच्या दोन गोष्टी

ज्या दिवशी इर्शाळवाडीचा शोध थांबला, त्याच दिवशी, म्हणजे २३ जुलै २०२३ च्या रात्री, आमच्या खोपोलीजवळ आडोशी बोगद्यापाशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दरड आली. तेथे रात्रीच यंत्रे लागली आणि दरड बाजूला करून रस्ता मोकळा करण्यात आला. तसे होणे योग्यच होते. त्या रस्त्यावर हजारो वाहने असतात.

पण या दोन ढिगाऱ्यांत फरक कोणता होता? एकाला सपाट रस्ता होता, दुसऱ्याला पायवाट. आणखी एक फरक आहे, तो भौतिकशास्त्राचा नाही. रस्त्यावरच्या मलब्याला धनी होता. रस्ता कोणाचा, तो मोकळा करण्याची जबाबदारी कोणाची, खर्च कोणाचा, हे सगळे आधीच ठरलेले होते. वाडीवरच्या मलब्याला असा धनी नव्हता. कायद्याचे काम नेमके हेच असते. ज्याला धनी नाही त्याला तो धनी नेमून देतो.

जपानचे उदाहरण येथे उपयोगी आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तेथे सुमारे दोन कोटी टन मलबा साचला, गाळ वेगळाच. दोनच आठवड्यांत शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या. छायाचित्रे, पूर्वजांच्या स्मृतिपट्टिका अशा वस्तू कचऱ्यात न टाकता वेगळ्या ठेवाव्यात आणि मालकांना परत मिळण्याची संधी द्यावी, असे त्यांत सांगितले होते. ऑगस्टमध्ये खास कायदा झाला : ज्या नगरपालिका स्वतःच उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्यांच्या वतीने केंद्र शासनाला काम करता येऊ लागले. मलबा तात्पुरत्या जागांवर नेऊन निवडला गेला आणि त्याचा मोठा भाग पुन्हा वापरात आला. फुकुशिमाचा काही भाग सोडला तर मार्च २०१४ पर्यंत हे काम संपले. पुढे २०१५ मध्ये जपानने आपल्या नेहमीच्या कचराविषयक कायद्यातच आपत्तीच्या मलब्याची तरतूद केली. जपान श्रीमंत आहे हे खरे. पण वस्तू वेगळ्या ठेवण्याची सूचना काढायला श्रीमंती लागत नाही.

महाराष्ट्राने काय करावे

२००५ च्या कायद्याच्या ७८ व्या कलमान्वये राज्य शासनाला नियम करण्याचा अधिकार आहे. नियम अपुरे वाटले तर विधिमंडळ स्वतंत्र कायदा करू शकते. भुजच्या भूकंपानंतर गुजरातने २००३ मध्ये, म्हणजे केंद्राच्याही आधी, आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. माझ्या मते आपल्या राज्याच्या नियमांत निदान पाच गोष्टी असाव्यात.

एक : प्रत्येक तालुक्यात मलबा नेऊन निवडण्याची जागा पावसाळ्यापूर्वीच ठरलेली असावी. ती ओढ्याच्या पात्रात नसावी आणि कोणत्याही वस्तीच्या वरच्या अंगाला नसावी.

दोन : ढिगाऱ्याची लांबी, रुंदी, जाडी आणि उतार मोजून त्याचे घनफळ जाहीर करावे. ड्रोनच्या साहाय्याने हे काम आता काही तासांत होते. घनफळ कळल्याशिवाय किती माणसे आणि किती दिवस लागतील हे सांगता येत नाही.

तीन : शोध थांबविण्याची रीत लिखित असावी. भूवैज्ञानिकाचा अहवाल घ्यावा, नातेवाइकांना त्यांच्या बोलीत सर्व समजावून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि निर्णयाची कारणे नोंदवावीत. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानण्यासाठी सामान्यतः सात वर्षे थांबावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही मुदत होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. २०१३ च्या केदारनाथच्या जलप्रलयानंतर शासनाने खास कार्यपद्धती काढून ही अडचण दूर केली. ही कार्यपद्धती नियमांतच असावी. ज्याचे घर आणि माणसे एका रात्रीत गेली, त्याला मृत्यूच्या दाखल्यासाठी कोणाच्या विशेष आदेशाची वाट पाहावी लागू नये.

चार : मलब्यात सापडलेल्या वस्तूंची नोंदवही ठेवावी. शिधापत्रिका, जमिनीचे कागद, शाळेचा दाखला, मंगळसूत्र, देव्हाऱ्यातला टाक. बाजारात यांतील काहींना मोल नाही. पण वाचलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य त्यांच्यावर उभे राहते.

पाच : जो ढिगारा जागेवरच राहील, त्याची दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा यांच्याकडे हे ज्ञान आहे. ते कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून वापरायचे, एवढेच ठरवायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, कायद्याने का डोंगर थांबणार आहे? नाही थांबणार. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले होते. अंदाज चुकू शकतात. पण ज्या गोष्टीचा अंदाज चुकू शकतो, तिच्यानंतर काय करायचे हे तर आधी ठरवून ठेवायलाच हवे. दुसरा आक्षेप असा की, संकटात अधिकाऱ्याला मोकळीक हवी, नियमांचे लोढणे नको. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. म्हणूनच नियमांनी उत्तरे ठरवू नयेत, प्रश्न ठरवावेत. किती खणावे हे अधिकारी आणि तज्ज्ञ ठरवोत. पण मोजले का, विचारले का, लिहिले का, या प्रश्नांतून त्यांची सुटका नसावी.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळातील अनुभवातून आपण रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला. पुढे देशाने त्याच मार्गाने पाऊल टाकले. धरणांखाली गावे गेली, तेव्हा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६ मध्ये आपण कायदा केला. पाण्याखाली गेलेल्या गावाला जे मिळाले, ते मातीखाली गेलेल्या गावालाही मिळावे, एवढीच मागणी आहे. माळीणच्या लोकांसाठी आमडे येथे नवे गाव उभे राहिले, इर्शाळवाडीच्या लोकांसाठी सिडकोने चौकजवळ घरे बांधली, ही कामे चांगलीच झाली. घरांची दखल घेतली गेली. ढिगाऱ्याची राहिली आहे.

तुम्हाला काय करता येईल?

शिक्षकांना माझी विनंती आहे की, या पावसाळ्यात विज्ञान मंडळातर्फे एक छोटा उपक्रम घ्यावा. सरळ भिंतींच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून रोजचा पाऊस मांडा. गावाच्या वरच्या उताराचा कोन, कोनमापक आणि ओळंबा वापरून, सुरक्षित अंतरावरून मोजा. जमिनीला नवी भेग, कललेले झाड, गढूळ झालेला झरा दिसला तर तारीख टाकून लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा.

आणि मग एक दिवस ग्रामपंचायतीत किंवा तहसील कार्यालयात जाऊन आपत्ती आराखडा पाहायला मागा. त्यात दूरध्वनी क्रमांक असतील, रुग्णालयांची नावे असतील. तुम्ही एवढेच विचारा : आमच्या वाडीवर उद्या दरड आली, तर तिची माती कोठे नेणार? ती जागा नकाशावर दाखविता येईल का? उत्तर मिळाले तर वहीत लिहून घ्या. न मिळाले तर तो प्रश्न लेखी द्या, खाली शाळेचे नाव घाला आणि पोच घेऊन या.